सुईआधीचा संवाद

बाळाला लस टोचून झाली की परिचारिकेने आईला चार गोष्टी सांगायच्या, असा आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचा दंडक आहे. कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून रक्षण करते, ताप किंवा सूज आल्यास काय करावे, पुढच्या लशीसाठी केव्हा व कोठे यावे आणि लसीकरणाचे कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी सोबत कसे आणावे, हे ते चार संदेश. संदेश साधे आहेत, लक्षात राहणारे आहेत आणि ते तयार करणाऱ्यांची दृष्टी व्यावहारिक होती यात शंका नाही. परंतु ते पुन्हा एकदा वाचून पाहावेत. चारही संदेश होकार देऊन झालेल्या आईसाठी आहेत. जी आई दारातच थबकली आहे, जी 'घरी विचारून सांगते' म्हणून परतली आहे, तिच्याशी काय बोलावे याविषयी त्या चारांपैकी एकही संदेश काही सांगत नाही.

ही उणीव आजवर फारशी जाणवली नाही, कारण आपला मुख्य प्रश्न पोहोचण्याचा होता. लस होती, पण शीतसाखळी तुटत होती. उपकेंद्र होते, पण तेथे परिचारिका नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'मिशन इंद्रधनुष'सारख्या मोहिमांनी या अडचणींवर बरीच मात केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेऱ्यांच्या दरम्यान देशातील पूर्ण लसीकरण झालेल्या एक ते दोन वर्षे वयाच्या बालकांचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ७६.४ टक्क्यांवर गेले. कर्नाटकाने ८४.१ टक्के गाठले, महाराष्ट्र ७३.५ टक्क्यांवर राहिला. जसजसे आपण उरलेल्या बालकांकडे जाऊ, तसतसे लस दारात असूनही घेतली न जाण्याची उदाहरणे अधिक भेटणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या आरोग्यापुढील दहा संकटांच्या यादीत लशीविषयीच्या साशंकतेचा समावेश केला, तो याच कारणाने. साशंक माणूस म्हणजे विरोधक नव्हे. तो बहुधा अर्धा राजी असतो आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या मनाशी कोणी बोललेले नसते.

या देशात लस जितकी जुनी, तितकीच तिच्याविषयीची शंका जुनी आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि हिंदुस्थानातील लसीकरणाचा आरंभ झाला. त्या काळी लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात घालत ती गावोगाव नेली जाई. कोणाच्या अंगातले काय आपल्या लेकराच्या अंगात जाणार, हा प्रश्न जातिबद्ध समाजाने विचारला, त्यात नवल नव्हते. आजची वैद्यकीय नजर लावली तर रक्ताद्वारे पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीनेही तो प्रश्न अगदीच निराधार नव्हता, हे मान्य करावे लागते.

म्हैसूरच्या राजघराण्याने या शंकेला दिलेले उत्तर म्हणूनच पाहण्याजोगे आहे. टॉमस हिकी या चित्रकाराने १८०५ च्या सुमारास तेथील तीन राजस्त्रियांचे चित्र रंगवले. त्यातील एक तरुणी साडीचा पदर किंचित बाजूला सारून डावा दंड दाखवते. इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी या चित्राचा असा अर्थ लावला, की लस टोचल्याची जागा दाखवण्यासाठीच ही मुद्रा आहे आणि तरुण महाराज कृष्णराज वडियार तिसरे यांच्या घरातील स्त्रियांनी लस घेतल्याचे प्रजेला कळावे, हा त्यामागचा हेतू आहे. हा अर्थ सर्वांनी मान्य करावा असा आग्रह नाही. चित्रांचे अर्थ लावताना इतिहासकार कधी कधी चित्रकारापेक्षा पुढे जातात. पण तो खरा असेल तर एक गोष्ट लक्षात येते. त्या दरबाराने प्रजेला हुकूम देण्याआधी स्वतःचा दंड पुढे केला होता.

पुढे ब्रिटिश राजवटीने कायद्याचा मार्ग धरला. मुंबईत १८७७ चा आणि इतरत्र १८८० चा लसीकरण कायदा आला. मग प्लेगच्या साथीत पुण्यात काय घडले, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या आणि २२ जूनच्या रात्री घरझडत्यांमुळे संतप्त झालेल्या तरुणांनी रँडवर गोळ्या झाडल्या. शुश्रूषा आणि सक्ती यांची फळे किती वेगळी असतात, हे एकाच शहराने चार महिन्यांच्या आत पाहिले. साथ १८९८ च्या ऑगस्टात बंगळुरूत पोहोचली. तेथेही घरे तपासली गेली, छावण्या पडल्या, लोक शहर सोडून गेले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या आज प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या वसाहती त्या साथीनंतरच्या नगररचनेतून वाढल्या आणि प्लेगम्माची देवळे शहरात अजून उभी आहेत. राज्यसंस्थेने माणसांकडे संशयित म्हणून पाहिले, तेव्हा माणसे देवीकडे गेली.

त्याच काळातील आणखी एक प्रसंग परिचारिकांच्या प्रत्येक वर्गात शिकवावा असा आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हजारोंचे प्राण तिने वाचवले. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावात १०७ जणांना ती टोचली गेली आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि त्यांचे निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. दोष लशीत नव्हता, ती एक बाटली दूषित झाली होती. मुल्कोवालच्या लोकांनी मात्र एकोणीस मृत्यू पाहिले होते. लशीमुळे 'काही होत नाही' असे त्या गावात कोणत्या तोंडाने सांगायचे?

'काही होत नाही' हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचे आवडते वाक्य आहे. त्याचा हेतू धीर देण्याचा असतो, परंतु ऐकणाऱ्याला ते 'तुमच्या शंकेला किंमत नाही' असे ऐकू येते. समजा, बंगळुरूच्या एखाद्या नागरी आरोग्य केंद्रात घरकाम करणारी एक तरुण आई दहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन आली आहे. सहाव्या आठवड्यातील पेंटाव्हॅलेंटच्या पहिल्या मात्रेनंतर बाळाला दोन दिवस ताप होता. ती रात्रभर जागली, दुसऱ्या दिवशी कामाला जाता आले नाही, मजुरी गेली. ज्या घरी ती भांडी घासते, तेथल्या बाळालाही त्याच वयात लस दिली होती, पण ती खासगी रुग्णालयातली, महागडी. त्याला ताप आला नाही असे तिने पाहिले आहे. आता ती म्हणते, 'सिस्टर, नको. सासूबाई नाही म्हणतात.'

रजिस्टरमध्ये याची नोंद 'नकार' अशी होईल. फार तर शेऱ्यात 'अंधश्रद्धा' किंवा 'कुटुंबाचा विरोध' असे लिहिले जाईल. वास्तविक या बाईला लशीविषयी बरीच माहिती आहे. गरिबाच्या बाळाला दिली जाणारी लस आणि श्रीमंताच्या बाळाला दिली जाणारी लस यांत फरक असल्याचे तिने अचूक हेरले आहे. डांग्या खोकल्याविरुद्धचा जो घटक सरकारी लशीत असतो त्याने ताप अधिक येतो, हे वैद्यकशास्त्रही सांगते. तिला 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे बजावणे म्हणजे तिने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी ठरवणे आहे.

येथे प्रशिक्षित परिचारिका काय वेगळे करील? ती आधी विचारील, 'ताप आला तेव्हा तुम्ही काय केलंत?' उत्तर पूर्ण ऐकेल. मग म्हणेल, 'दोन रात्री जागून काढल्यात, कामाचे पैसेही गेले. पुन्हा तसंच होईल ही भीती आहे ना?' त्यानंतर परवानगी मागेल: 'त्या दुसऱ्या लशीबद्दल मला जे ठाऊक आहे ते सांगू का?' आणि मग खरे सांगेल, की ताप या लशीने अधिक येतो हे तुम्ही बरोबर ओळखलेत. पण आजारापासून बाळाचे रक्षण हीदेखील उत्तम करते. ताप आल्यास औषध किती द्यायचे ते मी लिहून देते आणि रात्री काही वाटलेच तर फोन करायचा तो हा क्रमांक. पुढची लस शनिवारी घेतली तर रविवार घरी मिळेल का, हेही ती विचारील. हा सारा संवाद पाचेक मिनिटांचा आहे. तो केवळ स्वभावाने चांगल्या असलेल्या परिचारिकेकडूनच घडेल असे समजण्याचे कारण नाही. रक्तदाब मोजणे जसे शिकता येते, तसे हेही शिकता येते.

या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे. तिचा उगम लसीकरणात नसून व्यसनमुक्तीच्या उपचारांत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपींशी संवाद साधण्याची एक रीत मांडली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह ती विकसित केली. माणसाला बदलण्याचा उपदेश केला की तो न बदलण्याची कारणे शोधू लागतो, त्याऐवजी बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत, हे तिचे सूत्र. कॅनडातील क्युबेक प्रांतात प्रसूतिगृहातच नव्या मातापित्यांशी या रीतीने बोलण्याचा प्रयोग झाला आणि पुढच्या महिन्यांत बालकांच्या लसीकरणाचे प्रमाण काही टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. याउलट, २०१४ मध्ये अमेरिकेतील १,७५९ पालकांवर झालेल्या एका अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लशीने स्वमग्नता होत नाही, हे पुराव्यानिशी सांगितल्यावर पालकांचा गैरसमज कमी झाला. पण जे मुळातच सर्वाधिक साशंक होते, त्यांची लस देण्याची तयारी वाढण्याऐवजी घटली. माहितीने मन वळतेच, असे मानणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षितांना हा निष्कर्ष बोचतो.

एक प्रतिवादही नोंदवला पाहिजे. अमेरिकेतीलच २०१३ च्या एका अभ्यासात असे आढळले, की डॉक्टरने 'आज लस द्यायची आहे' असे गृहीत धरून सुरुवात केली तर पालक कमी अडतात. 'लशीबद्दल तुमचा काय विचार आहे?' असे विचारले तर अधिक अडतात. मग ऐकण्याचा एवढा आग्रह कशाला? माझ्या मते या दोन्हींत विसंगती नाही. बहुसंख्य आयांना लस हवीच असते, त्यांना उगाच प्रश्न विचारून संभ्रमात टाकू नये. जी अडते तिच्यापाशी मात्र पवित्रा बदलावा लागतो. केव्हा बदलायचा, हे ओळखणे हाच कौशल्याचा भाग आहे, आणि चार संदेश पाठ करून ते येत नाही.

आपल्याकडे याची उदाहरणे नाहीत असे नव्हे. २००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशात. तेथील मुस्लिम वस्त्यांत दोन थेंबांविषयी गाढ संशय होता. फेऱ्या वाढवून तो गेला नाही. वस्तीतल्याच स्त्रियांना संवादासाठी नेमले गेले, मौलवींशी आणि विद्यापीठांतील प्राध्यापकांशी बोलणी झाली. घरांच्या भिंतींवर खडूने खुणा करताना, मूल आजारी म्हणून राहिले की घरच्यांनी नाकारले म्हणून राहिले, हे वेगवेगळे नोंदवले जाऊ लागले. नोंदींतील हा बारकावा कारकुनी वाटेल, पण आजारी मुलाच्या आईकडे आणि नाराज बापाकडे एकाच तऱ्हेने जाऊन चालत नाही, हे त्यामुळे यंत्रणेला उमगले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही.

दुर्दैवाने ते शहाणपण पोलिओबरोबरच गुंडाळून ठेवले गेले. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी गोवर-रुबेला मोहिमेचा पहिला टप्पा कर्नाटक, तामिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे सुरू झाला. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी ही लस खासगी बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे देत आले होते. तरीही व्हॉट्सॲपवरून वंध्यत्वाच्या आणि परदेशी कटाच्या अफवा वणव्यासारख्या पसरल्या. संशय केवळ झोपडपट्टीत नव्हता. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील पालकही विचारू लागले, की आमच्या मुलाने ही लस आधी घेतली आहे, मग पुन्हा का? प्रश्न रास्त होता. शाळेत लस टोचायला आलेल्या परिचारिकेकडे त्याचे उत्तर असायला हवे होते; तिच्या हाती मात्र यादी आणि उद्दिष्ट होते. युनिसेफच्या साहाय्याने आघाडीच्या कार्यकर्त्यांसाठी 'ब्रिज' नावाचे संवादप्रशिक्षण नंतर राबवले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु सेवेत आल्यावरच्या अशा प्रशिक्षणाने मूळ शिक्षणातील पोकळी भरून निघत नाही.

म्हणूनच बंगळुरूकडे पाहावे. १९९६ मध्ये स्थापन झालेले राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे आणि त्याच्याशी संलग्न नर्सिंग महाविद्यालयांतून केरळ, बंगाल, ईशान्य भारत येथील मुली मोठ्या संख्येने शिकतात. बाहेर पडल्यावर त्या ज्या रुग्णांसमोर उभ्या राहतात, ते कन्नड, तमिळ, तेलुगू, दख्खनी, हिंदी बोलणारे असतात. रायचूर-यादगीरकडून बांधकामावर आलेल्या मजुरांची कन्नड तर शहरी कन्नडपेक्षाही निराळी. (शहाजीराजांच्या काळापासून येथे राहिलेल्या मराठी घरांची बोलीही त्यात आहेच.) होकार खुणेने देता येतो. शंका मात्र आपल्या भाषेतच व्यक्त होते आणि ती समजली नाही की परिचारिका आपोआप चार संदेशांकडे वळते. संवादाचे प्रशिक्षण इंग्रजी स्लाइडवरून देणे हा या शहरात तर निव्वळ विनोद ठरेल.

याच शहरात, विद्यापीठापासून काही किलोमीटरवर, निमहान्स आहे. तेथे व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, मनोरुग्ण परिचर्येचे शिक्षण आहे आणि मिलर-रॉलनिक यांची रीत दारू सोडू पाहणाऱ्यांवर वापरणारी माणसे आहेत. लसीकरण एका खात्यात, व्यसनमुक्ती दुसऱ्या आणि परिचारिकांचा अभ्यासक्रम तिसऱ्याच परिषदेकडे असल्याने या ज्ञानाला एवढे अंतर चालून जाता आलेले नाही. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. त्यासाठी नवी संस्था, नवा निधी यांची आवश्यकता नाही. एक संयुक्त आदेश आणि काही अनुभवी शिक्षिका पुरेत.

तथापि, प्रशिक्षण देऊन परिचारिकेला पुन्हा जुन्याच व्यवस्थेत सोडले तर ते वाया जाईल. गोवर-रुबेला लशीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. बाहेर रांग, हातात कुपी, समोर संगणकातील नोंदी आणि डोक्यावर महिन्याचे उद्दिष्ट असताना एका आईपाशी पाच मिनिटे थांबणे ही तिच्या दृष्टीने चैन असते. उद्दिष्ट चुकले तर खुलासा मागितला जातो. शंका नीट ऐकून घेतली म्हणून कोणी पाठ थोपटत नाही. साशंक कुटुंबांसाठी रांगेबाहेरचा, ठरलेला वेळ दिला गेला पाहिजे आणि तो कामाचा वेळ म्हणून मोजला गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल प्रकरणात कोविडबाबतचे सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी ठरवले नाही, पण कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले आणि लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची माहिती लोकांना उपलब्ध करण्यास सांगितले. लोकांना जी माहिती मिळण्याचा हक्क आहे, ती परिचारिकेला आधी मिळाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती गंभीर घटनांची चौकशी झाली आणि त्यातून काय निघाले, हे तिला ठाऊक नसेल तर ती 'काही होत नाही' याच वाक्याचा आसरा घेणार.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे या लशीचा प्रकल्प झाला. त्या काळात सात मुली दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे चौकशीत दिसले नाही. पण अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, हे उघड झाले. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. आता पुण्यातच बनलेली 'सर्व्हाव्हॅक' उपलब्ध आहे आणि किशोरवयीन मुलींना ही लस देण्याचा विचार देशात मूळ धरतो आहे. आईबाप विचारणार, की लैंगिक संबंधांशी जोडलेल्या आजाराची लस आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला कशासाठी? काही जणांना खम्ममही आठवेल. शाळेच्या व्हरांड्यात हा प्रश्न जिला पहिल्यांदा विचारला जाईल, ती परिचारिका असेल.

तिच्या स्वतःच्या मनातही शंका असू शकते. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले, तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांच्यापैकीच अनेकांनी पाठ फिरवली होती. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेची आकडेवारी येण्याआधीच ३ जानेवारीला मंजुरी मिळाली होती, त्यामुळे त्यांची हरकत अज्ञानातून आलेली नव्हती. तेव्हा त्यांना परिपत्रके मिळाली. ऐकून घेणे ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांच्याकडून ते इतरांसाठी घडावे अशी अपेक्षा आपण करत असू, तर प्रशिक्षणाचा पहिला तास परिचारिकांच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा लागेल.

विद्यापीठाने प्रात्यक्षिक परीक्षेत एक टेबल वाढवावे. त्यावर सुई, कुपी काही नसावे; समोर साशंक आईची भूमिका करणारी स्त्री असावी, तीही विद्यार्थिनीला अपरिचित असलेल्या बोलीत बोलणारी. गुण होकार मिळवल्याचे नसावेत, शंका कोणती ते बरोबर ओळखल्याचे असावेत. आणि राज्यांच्या आरोग्य विभागांनी लसीकरणाच्या नोंदवहीत जेथे आज 'नकार' एवढा एक शब्द लिहिला जातो, तेथे त्या आईचे वाक्य तिच्याच शब्दांत लिहिण्यापुरती दोन ओळींची जागा ठेवावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढावा बैठकीत टक्केवारीच्या तक्त्याआधी ती वाक्ये वाचून दाखवली जावीत.